आधी ओळी, मग आवाज: स्वतः शिकलेल्या संगीतकाराने आपली वाद्यवृंद आणि इलेक्ट्रॉनिक रचना कशी सुधारावी

चाल मनासारखी सुचली आहे, ठेका पक्का आहे, मागे तंतुवाद्यं आहेत, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्यं आहेत, खाली सिंथचा बेस आहे. तरीही तीन मिनिटांचा तुकडा ऐकताना गढूळ वाटतो आणि पहिल्या मिनिटानंतर त्यात नवीन काही घडत नाही. पुस्तकं, व्हिडिओ आणि स्वतःचे कान यांच्या भरवशावर शिकलेल्या बहुतेक संगीतकारांची अडचण हीच असते. मग नवी सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच) घेतली जाते, महागडा रिव्हर्ब (घुमारा) लावला जातो, आणखी दोन थर चढवले जातात. माझं ठाम मत असं, की दोष बहुतेक वेळा आवाजात नसतो, लिखाणात असतो. एकेका वाद्याला स्वतंत्रपणे गुणगुणता येईल अशी ओळच मिळालेली नसते. ती मिळाली की फुकटातल्या लायब्ररीवरही रचना उभी राहते.

हा लेख हार्मोनियम, तबला, गिटार किंवा सुगम संगीताकडून आलेल्या आणि स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, थोडंफार वाचू लागलेल्या मंडळींसाठी आहे. त्यासाठी नवी रचना सुरू करू नका. पूर्ण झालेली पण मनाला न पटलेली एखादी जुनी रचना काढा, तिच्या फाइलची प्रत करा आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एकाच रचनेवर करा. नवीन काही करताना सगळं लक्ष सुचण्याकडे जातं. जुन्या रचनेत सुचण्याचं काम उरकलेलं असतं, त्यामुळे कारागिरीकडे शांतपणे बघता येतं.

साधनांवर फार वेळ घालवायची गरज नाही. नोटेशनसाठी म्यूझस्कोअर मोफत आहे. वाद्यवृंदासाठी स्पिटफायरची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर शिकण्यापुरती उत्तम आहे. सिंथसाठी व्हायटलची मोफत आवृत्ती आणि सर्ज एक्सटी यांत वर्षानुवर्षं पुरेल एवढं काम आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तुमच्या हाताला बसलेलं असेल तेच ठेवा, मग ते रीपर असो, एफएल स्टुडिओ असो की लॉजिक.

कागदावर नकाशा काढा

संगणक बंद करायचा नाही, पण त्याच्याकडे बघायचंही नाही. एक आडवी रेघ मारा आणि तिच्यावर दर दहा सेकंदांची खूण करा. रचना लावून प्रत्येक खुणेपाशी चार गोष्टी लिहा: चाल कोणाकडे आहे, एकाच वेळी किती थर वाजताहेत, सगळ्यात वरचा स्वर कोणता, आणि आवाजाचा मोठेपणा १ ते ५ पैकी किती.

स्वतः शिकलेल्यांच्या रचनांमध्ये हा नकाशा फार बोलका असतो. थरांची संख्या विसाव्या सेकंदाला सहा होते आणि शेवटपर्यंत सहाच राहते. वरचा स्वर पहिल्याच मिनिटात येऊन गेलेला असतो. झांजा आणि ट्रॉम्बोन इतक्या लवकर खर्च झालेले असतात, की खऱ्या कळसाला द्यायला हातात काही उरत नाही.

दुरुस्ती इथूनच सुरू होते. कळस कुठे आहे ते ठरवा, सगळ्यात वरचा स्वर फक्त तिथेच येऊ द्या आणि त्याआधी कुठे तो लागला असेल तर तिथली चाल खाली आणा किंवा वळवा. एखादं वाद्य पूर्णपणे कळसासाठी राखून ठेवा. फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२८ साली लिहिलेला ‘बोलेरो’ या एकाच गोष्टीसाठी हातात नोटेशन घेऊन ऐकावा. साइड ड्रमचा तोच ठेका, चालीचे तेच दोन भाग आणि जवळजवळ शेवटपर्यंत तीच पट्टी, असा हा साधारण पंधरा मिनिटांचा तुकडा आहे. बदलत जातात ती फक्त वाद्यं आणि मोठेपणा. चाल आधी एकट्या बासरीकडे, मग क्लॅरिनेटकडे, मग ‘बसून’ (bassoon) या फुंकवाद्याकडे अशी हात बदलत जाते. व्हायोलिनांच्या हाती ती येते अर्ध्याहून बराच जास्त भाग उलटल्यावर, तोवर तंतुवाद्यं मुख्यतः बोटांनी छेडत साथ करतात. वाद्यवृंदातला सगळ्यात मोठा गट इतका वेळ थांबवून ठेवला आहे, म्हणून तो आल्यावर अंगावर येतो.

रचना दोन ओळींवर आणा

आता सगळे ट्रॅक म्यूट करा. फक्त चाल आणि सगळ्यात खालची ओळ एवढंच ठेवा, तेही साध्या पियानोच्या आवाजात. हार्मोनियम असेल तर उत्तमच, कारण तिच्यावर आवाजाची मोहिनी चालत नाही. उजव्या हातात चाल, डाव्या हातात बेस असं सावकाश वाजवा.

रचना इथे लंगडी वाटली तर पुढे कितीही वाद्यं चढवली तरी ती लंगडीच राहणार. खालची ओळ एकटी गाऊन बघा. ती नुसती कॉर्डच्या मूळ स्वरांवर उड्या मारत असेल तर मधल्या स्वरांनी तिला चालतं करा. चाल वर जाते तिथे बेस खाली येतो का, हे तपासा. दोन्ही ओळी सतत एकाच दिशेला जात असतील तर रचनेला खोली येत नाही. शिवाय दोन्ही एकदमच थांबत असतील तर तिथे पोकळी पडते, म्हणून चाल थांबते तिथे बेसला दोन पावलं द्या.

रचना रागावर बेतलेली असेल तर इथेच एक निर्णय घ्या. प्रत्येक चालीखाली कॉर्ड हवीतच असं नाही. मारव्यात पंचम वर्ज्य आहे. तिथे सा-ग-पची कॉर्ड आली की राग गेला. अशा रचनेत खाली स्थिर षड्ज आणि वर चालीला उत्तर देणारी दुसरी ओळ एवढंच पुरतं, आणि वैविध्य वाद्यांच्या रंगातून आणता येतं. कॉर्ड घालायच्याच असतील तर रागात लागणाऱ्या स्वरांतूनच बांधा, मग त्या नेहमीच्या तीन स्वरांच्या झाल्या नाहीत तरी चालेल.

मधल्या ओळींना चालायला शिकवा

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, म्हणून उदाहरण सविस्तर घेतो.

पांढरी दोन, म्हणजे डी, हा सा धरा. गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे आपला आसावरी थाट आणि पाश्चात्त्यांची डी मायनर. चार कॉर्डची ही साखळी आज असंख्य रचनांमध्ये असते: सा-ग-प, मग ध-सा-ग, मग नि-रे-म, आणि परत सा-ग-प. कीबोर्डवर शिकलेला माणूस ती पंजा न मोडता वाजवतो. बोटांचा आकार तोच, फक्त हात सरकतो. ‘स्ट्रिंग्ज एन्सेम्बल’चा, म्हणजे तंतुवाद्यांच्या अख्ख्या गटाचा, पॅच (तयार आवाज) लावून असं वाजवलं की तिन्ही स्वर एकत्र उडी मारतात आणि ऐकणाऱ्याला ओळी ऐकू येत नाहीत, ठोकळे ऐकू येतात.

याच चार कॉर्ड चार स्वतंत्र ट्रॅकवर लिहा. पहिल्या व्हायोलिनांना मध्य सप्तकातला प, मग ध, मग म, मग ग. दुसऱ्या व्हायोलिनांना ग, पुन्हा ग, मग रे, मग सा. व्हायोलांना सा, पुन्हा सा, मग खाली मंद्रातला नि, मग मंद्रातला प. चेलोंना खाली मंद्रातला सा, तिथून उतरून अतिमंद्रातला ध, मग चढत नि, मग सा. डबल बेस चेलोच्याच ओळीला एक सप्तक खालून.

आता ऐका. दुसऱ्या कॉर्डला फक्त वरची ओळ आणि चेलो हलतात, मधले दोघे जागेवर थांबतात. तिसऱ्या कॉर्डला चेलो वर चढतो आणि वरचे तिघे खाली उतरतात. चौथ्यालाही तसंच. कॉर्ड त्याच आहेत, लायब्ररी तीच आहे, पण प्रत्येक गटाला आता गाता येईल अशी ओळ आहे. वरची ओळ प-ध-म-ग तर स्वतःच एक छोटी चाल झाली. हे करताना दोन सवयी लावून घ्या. दोन कॉर्डमध्ये समान असलेला स्वर शक्यतो त्याच वाद्याकडे ठेवायचा. आणि ज्याला हलायचं आहे त्याने जवळच्या स्वरावर जायचं. उडी मारायचा हक्क फक्त चालीला आणि बेसला.

एन्सेम्बलचा पॅच टाळायचं आणखी एक कारण आहे. त्यात प्रत्येक कळ म्हणजे अख्खा गट. तीन कळा दाबल्या की तिप्पट वादक वाजू लागतात, चार दाबल्या की चौपट. खऱ्या वाद्यवृंदात स्वर वाढले की माणसं वाटली जातात, वाढत नाहीत. तुमच्या तंतुवाद्यांचा आवाज कृत्रिमपणे जाड का येतो, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं.

खालच्या भागात स्वरांमधलं अंतर मोठं ठेवा. मधल्या सीच्या एक सप्तक खालचा सी, म्हणजे साधारण १३० हर्ट्झ, ही माझी सीमारेषा. तिच्याखाली सप्तक आणि पंचम एवढीच अंतरं ठेवतो, गंधाराचं अंतर तिच्यावर. कोणत्याही स्वराच्या पोटात निघणारे उपस्वर खाली विरळ आणि वर दाट असतात. कॉर्डची मांडणी त्याच तऱ्हेने केली की ती स्वच्छ वाजते.

वाद्याला त्याच्या जागेवर वाजवू द्या

वाद्याची पल्ला-मर्यादा तक्त्यात मिळते. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा स्वर १९६ हर्ट्झचा जी, चेलोचा ६५ हर्ट्झच्या आसपासचा सी, चार तारांच्या डबल बेसचा ४१ हर्ट्झचा ई. पण तक्ता हे सांगत नाही, की त्या पल्ल्यात वाद्याचं वजन कसं बदलतं. बासरीचं पहिलं सप्तक सुंदर पण अशक्त आहे. तिथे तिला चाल दिली आणि मागे पूर्ण तंतुवाद्यं ठेवली तर सभागृहात ती ऐकूच येणार नाही. ओबोचं बरोबर उलट: त्याचे सगळ्यात खालचे स्वर जाड आणि बोचरे, हळू वाजवणं अवघड. क्लॅरिनेट खाली गडद, वर उजळ, आणि शून्यातून स्वर उगवावा तो त्यानेच. ट्रम्पेट वर गेला की आपोआप मोठा होतो, तिथे त्याच्याकडून कुजबुज मागू नये.

सॅम्पलमध्ये हा सगळा निसर्ग फेडरने, म्हणजे ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीने, मोडता येतो. बासरी ट्रॉम्बोनवर मात करू शकते. पण ऐकणाऱ्याच्या कानाला, तो कान अशिक्षित असला तरी, काहीतरी खोटं आहे हे कळतं. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी दिलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: जोरात वाजताना एक ट्रम्पेट किंवा एक ट्रॉम्बोन म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन लाकडी फुंकवाद्यं. आधी या प्रमाणात फेडर लावा, मग कानाने थोडं इकडेतिकडे करा.

फुंकवाद्यांच्या ओळीत श्वासाच्या जागा ठेवा. ओळ स्वतः एका दमात गाऊन बघा. तुम्ही जिथे श्वास घेता तिथे छोटा विराम लिहा. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम वाजवणारे वादक गावोगाव आहेत. त्यांच्याशी अर्धा तास बोललात तर ओठ किती वेळात थकतात, वरचा स्वर आधी तयारी न देता मागितला तर काय होतं, कोणती बोटं अडतात, हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा नीट समजेल.

प्रत्येक थराला काम नेमून द्या

ट्रॅकच्या नावापुढे त्याचं काम लिहा: चाल, उत्तर देणारी ओळ, बेस, लय, धरून ठेवलेले स्वर. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो ट्रॅक काढून टाका. त्याच कामाचे दोन ट्रॅक असतील तर एक तरी काढा किंवा दोघांना एकाच ओळीवर आणून त्याचा एक रंग करा. व्हायोलिनांच्या चालीला एक सप्तक खालून चेलोची जोड, बासरीला क्लॅरिनेटची जोड, हे जुने आणि खात्रीचे रंग आहेत.

उत्तर देणाऱ्या ओळीसाठी हिंदी चित्रपटसंगीतातल्या गोवेकर अरेंजरांकडे वळा. शंकर-जयकिशन यांच्यासाठी संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसूझा यांच्या व्हायोलिनांच्या ओळी कान देऊन ऐका. गायकाचा स्वर लांबतो तिथे व्हायोलिनं हलतात, गायक बोलू लागला की ती मागे सरतात. हे तत्त्व वाद्यवृंदालाही जसंच्या तसं लागू आहे, सिंथलाही. गोव्याच्या चर्च आणि शाळांमधून स्टाफ नोटेशन शिकून मुंबईत आलेल्या या लोकांनी रागदारीची चाल न दुखावता तिच्याभोवती दुसरी ओळ कशी फिरवावी, याचा मोठा धडा घालून दिला आहे. आपल्याकडच्या शिकणाऱ्याने परदेशी ट्रेलर-संगीताच्या आधी त्यांचा अभ्यास करावा, असं मला फार वाटतं.

एका पानाची उलटी आणि सुलटी नक्कल

नुसतं ऐकून वाद्ययोजना कळत नाही. एक व्यायाम करा. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीने ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ १८७४ साली पियानोसाठी लिहिलं आणि राव्हेलने १९२२ साली ते वाद्यवृंदासाठी मांडलं. पियानोचं नोटेशन आयएमएसएलपी या संग्रहात मिळतं. सुरुवातीच्या ‘प्रोमेनाड’चे पहिले आठ बार, म्हणजे नोटेशनमधले उभ्या रेघांमधले तालाचे भाग, घ्या आणि राव्हेलचं पान न उघडता स्वतः वाद्यं वाटा. मगच त्याचं पान उघडा. पहिले दोन बार त्याने एकट्या ट्रम्पेटला दिले आहेत आणि त्याला उत्तर ब्रासच्या गटाकडून. तंतुवाद्यांचा पत्ता नाही. आपण बहुतेक जण तिथे तंतुवाद्यांचा गालिचा घालून मोकळे झालेलो असतो.

नंतर उलट करा: कुठल्याही स्कोअरचे (सगळ्या वाद्यांच्या एकत्र नोटेशनचे) चार बार घेऊन ते दोन हातांत, हार्मोनियमवर वाजतील असे लिहून काढा. वीस ओळींच्या त्या भरगच्च पानात प्रत्यक्षात तीन किंवा चारच ओळी असतात, बाकी जोड असते. हे एकदा स्वतःच्या हाताने उलगडलं की थर चढवायची ओढ आपोआप कमी होते. आठवड्याला एक पान पुरे.

सॅम्पलमध्ये जीव आणा

ओळी पक्क्या झाल्यावरच इकडे या. बहुतेक वाद्यवृंद लायब्ररींमध्ये मिडी कंट्रोलर क्रमांक १ वाजवण्याचा जोर, म्हणजे स्वराचा रंग बदलतो आणि क्रमांक ११ नुसता आवाज कमीजास्त करतो. दोन्हींची पट्टी ० ते १२७. चार मात्रांचा एक लांब स्वर घ्या. क्रमांक १ सुरुवातीला ४५वर ठेवा, तिसऱ्या मात्रेपर्यंत ८०वर न्या आणि चौथीत ५५वर उतरवा. सरळ रेषेत ठेवलेल्या त्याच स्वराशी तुलना करा. लांब स्वर कधीही सपाट ठेवू नये. तो कुठून तरी येत असतो किंवा कुठे तरी जात असतो. हे वक्र माउसने काढण्यापेक्षा कीबोर्डवरचं व्हील किंवा फेडर हाताने हलवून रेकॉर्ड करा. आणि प्रत्येक गटासाठी वेगळं करा. एकाच वक्राची नक्कल पाच ट्रॅकवर चिकटवली की पाचही जण एकच यंत्र असल्यासारखे वाजतात.

लिगाटो, म्हणजे स्वर एकमेकांना जोडून वाजवणाऱ्या, पॅचमध्ये स्वर थोडा उशिरा बोलतो. ठेक्याशी तो मागे पडत असेल तर त्या ट्रॅकला ऋण डिले द्या, म्हणजे तो थोडा आधी वाजेल. सगळ्या नोट्स ग्रिडला (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघांना) चिकटवू नका, पण ठेका सांभाळणाऱ्या वाद्यांना फार मोकळंही सोडू नका. मींड हवी असेल तर पिच बेंडने अख्खा गट ओढण्यापेक्षा एकट्या व्हायोलिनचा किंवा चेलोचा पॅच वापरा. चौदा व्हायोलिनं एकसाथ मींड घेताना सॅम्पलमध्ये क्वचितच खरी वाटतात.

इलेक्ट्रॉनिक भागाला वाद्यासारखं वागवा

सिंथ आणि वाद्यवृंद एकत्र आणताना पहिली टक्कर तळाला होते. डबल बेस आणि सिंथचा सब-बेस दोघेही साधारण ४० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात राहायला बघतात. एका वेळी एकालाच तिथे जागा द्या. सब-बेस हवा असेल त्या भागात डबल बेस काढा किंवा त्याला बोटांनी छेडायला लावा, म्हणजे सुरुवातीचा ठोका त्याचा आणि लांबण सिंथची. इक्वलायझरने दोघांना कापत बसण्यापेक्षा लिखाणातच हा प्रश्न सोडवलेला बरा.

दुसरी गोष्ट रंग जुळवण्याची. क्लॅरिनेटच्या खालच्या भागात विषम क्रमांकाचे उपस्वर ठळक असतात, आणि सिंथच्या स्क्वेअर वेव्हमध्ये (चौकोनी लहरीत) तर फक्त विषमच. म्हणून फिल्टर बऱ्यापैकी मिटलेली स्क्वेअर वेव्ह क्लॅरिनेटखाली ठेवली तर दोन्ही एकमेकांत विरघळतात. गजाने वाजणाऱ्या तारेची हालचाल करवतीच्या दात्यांसारख्या लहरीच्या जवळ जाते, त्यामुळे सॉ वेव्ह तंतुवाद्यांशी जमते. मात्र तिचा अटॅक, म्हणजे स्वराची सुरुवात, व्हायोलिनच्या गजाइतका सावकाश करा आणि फिल्टरचं उघडणं त्याच क्रमांक १च्या कंट्रोलरला बांधा. मग वाद्यवृंद फुलतो तेव्हा सिंथही त्याच्याबरोबर फुलतो. विरोधच हवा असेल तर याच्या नेमकं उलट करा: तंतुवाद्यांच्या मऊ पडद्यावर झटकन सुरू होऊन झटकन संपणारा सिंथ.

तिसरी गोष्ट लूपची. आठ बारांचा लूप चार वेळा चिकटवला म्हणजे बत्तीस बारांची रचना झाली असं होत नाही. प्रत्येक फेरीत एक काहीतरी बदला: एक स्वर गाळा, ठोका एका मात्रेने सरकवा, फिल्टर सोळा बारांभर इतका हळू उघडा की बदल जाणवतो पण दिसत नाही. मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३ (बेस सिंथ), टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) या यंत्रांवर रागांच्या धून ध्वनिमुद्रित केल्या, त्या यासाठी ऐकाव्यात. तिथे कॉर्डची साखळी नाही. ठेका यांत्रिक आहे, तळाशी बेसचा छोटा आकृतिबंध फिरत राहतो आणि वर राग उलगडतो. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रागसंगीत यांचा सांधा हा असा सरळ आहे, त्यासाठी वर सतारीचं सॅम्पल चिकटवायची गरज नाही.

एक सुचवणी, मला फार आवडणारी: सिंथचे आवाज बाहेरून आणण्याऐवजी तुमच्याच वाद्यवृंदातून काढा. चेलोचा एक स्वर ऑडिओ म्हणून बाहेर काढा, उलटा करा, चौपट लांबवा, ग्रॅन्युलर सिंथमधून (आवाजाचे बारीक कण करून पुन्हा जोडणाऱ्या सिंथमधून) जाऊ द्या. दोन्ही जगांचं मूळ एकच असल्यामुळे रचना एकसंध वाटते.

जागा, मिश्रण आणि आवाजाची पातळी

इथे थोडक्यात, कारण ओळी नीट असतील तर मिश्रणाचं काम निम्मं होतं. सगळ्या वाद्यवृंदाला एकच रिव्हर्ब, ‘बस’मधून, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र पाठवता येतात त्या सामाईक वाटेतून. लायब्ररी आधीच सभागृहात ध्वनिमुद्रित असेल तर अगदी थोडा. त्याच रिव्हर्बमध्ये सिंथही थोडा पाठवा, नाहीतर तो वेगळ्या खोलीत बसल्यासारखा वाटतो. रिव्हर्बचा तळ १५० ते २०० हर्ट्झच्या खाली कापा. लायब्ररीत व्हायोलिनं डावीकडे आणि चेलो-बेस उजवीकडे बसवलेलेच असतात, त्यांना पुन्हा पॅन करू नका, म्हणजे डावी-उजवीकडे सरकवू नका. सिंथचा तळ मात्र मधोमध.

ऐकताना आवाज कमी ठेवा. मोठ्या आवाजात कानाला तळ आणि वरचा भाग जास्त भरलेला वाटतो आणि मधला गढूळपणा लपतो. एकदा मोनोमध्ये आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका. चाल तिथेही कळली पाहिजे. आवडत्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करताना दोन्हींचा मोठेपणा आधी सारखा करून घ्या. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) पातळी आणतं, त्यामुळे लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) रचना चिरडण्यात काही लाभ नाही. हळू आणि मोठ्यातला फरक हाच वाद्यवृंदाचा मोठा ऐवज आहे, तो शाबूत ठेवा.

एक तरी खरा वादक आणा

सगळी ओळ सॅम्पलची आणि वर एकच खरं व्हायोलिन किंवा बासरी, एवढ्याने रचनेचा पोत बदलतो. खऱ्या वादकाचे लहानसहान कमीजास्त स्वर सगळ्या गटाला खरेपणा देतात. मुंबईत, पुण्यात, वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमधून नोटेशन वाचून वाजवणारे व्हायोलिनवादक भेटतात. शक्य असेल तर आधी मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम बघून या. २००६ साली स्थापन झालेला हा वाद्यवृंद तिथेच असतो. बाल्कनीतून, म्हणजे वरून बघता येईल अशी जागा घ्या आणि किती वादक किती वेळ नुसते बसून आहेत ते पाहा.

वादकाला द्यायचं पान नीट तयार करा. बी फ्लॅट क्लॅरिनेटने लिहिलेला सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट, त्यामुळे त्याचं पान एक पूर्ण स्वर वर लिहावं लागतं. एफ हॉर्नचं एक पंचम वर. म्यूझस्कोअर ते आपोआप करतं, पण छापण्याआधी ‘कॉन्सर्ट पिच’ बंद आहे ना, हे बघा. बार क्रमांक, लय, मोठेपणाच्या खुणा आणि श्वासाची चिन्हं घाला. लांब विरामानंतर वादकाला परत यायचं असेल तिथे आधी कोण काय वाजवतंय, ते छोट्या अक्षरांत लिहा. पान उलटायची जागा विरामातच येऊ द्या. काही दिवस आधी पीडीएफ आणि सॅम्पलवरचं ध्वनिमुद्रण दोन्ही पाठवा. मानधन किती ते आधीच बोलून घ्या.

रेकॉर्डिंगला आधी एकदा न थांबवता वाजवू द्या. त्यानंतर वादकाला एकच प्रश्न विचारा: कोणता बार हाताला अडला? त्या बारवर पेन्सिलीने खूण करून घ्या, तिथेच सोपा पर्याय विचारा आणि दोन्ही तऱ्हांनी वाजवून घ्या. घरी आल्यावर तोच बदल सॅम्पलच्या ओळीतही करा, मग नवं पान छापून वादकाकडे पाठवा.